पुणे स्टेशन: मंगळ, बुध, गुरू असे नऊ महिने

गेल्या दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात ऑफिसनं कळवलं की आता आठवड्यातले तीन दिवस फोर्टला येऊन बसायचं, घरून काम बंद. मी कोथरूडला राहते, आनंदनगर मेट्रोपासून चालत पाच मिनिटं, आणि मुलगी सातवीत असल्यामुळे मुंबईत खोली घेऊन राहणं काही शक्य नव्हतं. मग पास काढला आणि मंगळ-बुध-गुरू डेक्कन क्वीननं जा-ये सुरू केली. आता जुलै उजाडला, म्हणजे नऊ महिने झाले, सणवार आणि रजा सोडल्या तरी शंभरेक फेऱ्या सहज झाल्या असतील. गाडीबद्दल सगळेच भरभरून बोलतात पण स्टेशनबद्दल नीट कोणी सांगत नाही, आणि नवीन माणसाची सगळी धांदल तर तिथेच होते, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

एक गोष्ट मला कळायला चार महिने लागले, ती आधीच सांगते. पुणे स्टेशन लहान आहे. गर्दी बघून वाटतं केवढं मोठं असेल, पण प्लॅटफॉर्म मोजून सहा. त्या सहांवर मुंबईच्या गाड्या, लोणावळ्याच्या लोकल, दौंडची शटल, सोलापूरकडच्या, सातारा-मिरज-कोल्हापूरच्या, वर जम्मूला जाणारी झेलम, हावड्याची आझाद हिंद, आणि आता वंदे भारत पण, हे सगळं त्यातच बसवायचं. एका बाजूला जुनी इमारत आणि ससूनकडचा रस्ता, दुसऱ्या बाजूला राजा बहादूर मिलचा रस्ता, वाढायला जागाच नाही. यार्ड रिमॉडेलिंगचं, म्हणजे रुळांची मांडणी नव्यानं करायचं, आपण किती वर्षं ऐकतोय. आत शिरायला प्लॅटफॉर्म रिकामा नसला की गाडी बाहेरच उभी राहते, मुंबईकडून आली तर शिवाजीनगरच्या पुढे आणि मिरज-सोलापूरकडून आली तर घोरपडीला. हे एकदा डोक्यात बसलं ना की निम्मी चिडचिड कमी होते, निदान माझी तरी झाली.

आता रोजचं. मी सकाळी सव्वासहाच्या आसपासची मेट्रो धरते, वीसेक मिनिटांत पुणे रेल्वे स्टेशन येतं, डेक्कन क्वीन ७:१५ ला, म्हणजे चहा घेऊन निवांत डब्यात बसता येतं. ही मेट्रो गरवारे कॉलेजच्या पुढे रुबी हॉलपर्यंत १ ऑगस्ट २०२३ ला सुरू झाली, त्याच्या आधी कोथरूडहून पहाटे स्टेशनला येणाऱ्यांनी काय काढलं असेल ते माझ्या डब्यातल्या जुन्या बायका सांगतात, एकीचे मिस्टर तर अकरा वर्षं रोज स्कूटरवर सोडायला यायचे. पण एक लक्षात ठेवा, मेट्रो सकाळी सहाला सुरू होते, त्यामुळे ६:०५ ची सिंहगड एक्सप्रेस पकडायची असेल तर मेट्रोचा काही उपयोग नाही, रिक्षा किंवा घरचं कोणीतरी हवंच. आणि मेट्रोतून तुम्ही उतरता ते राजा बहादूर मिलच्या बाजूला, म्हणजे स्टेशनच्या मागच्या अंगाला, मुख्य इमारत पार पलीकडे. पहिल्या दिवशी मी उगाच बाहेरून वळसा घालून पुढच्या दारानं आत गेले आणि धापा टाकत पोचले. तसं करू नका, पुलावरून सरळ आत या आणि बोर्डावर प्लॅटफॉर्म नंबर बघूनच खाली उतरा, काल अमुक नंबरला होती म्हणून आजही तिथेच असेल असं धरून चालू नका.

पुढची बाजू मात्र एकदा तरी वेळ काढून बघाच. ही इमारत १९२५ ची, जुलै महिन्यातच सुरू झाली, म्हणजे २०२५ च्या जुलैत तिला शंभर वर्षं पूर्ण. रेल्वे मात्र त्याच्या खूप आधी आली होती पुण्यात. मुंबई-ठाणे १८५३ हे शाळेत पाठ केलेलं असतं आपण, पण खंडाळा ते पुणे रूळ १४ जून १८५८ ला सुरू झाले हे मला ठाऊक नव्हतं, आणि गंमत अशी की तेव्हा मधला बोरघाट झालेलाच नव्हता. मुंबईहून आलेली गाडी खालती खोपोलीला थांबायची, तिथून लोक डोलीत, तट्टावर, बैलगाडीत बसून, नाहीतर पायी घाट चढून खंडाळ्याला यायचे आणि तिथे दुसरी गाडी पकडून पुण्याला. पाच वर्षं असंच चाललं, १८६३ ला घाट पुरा झाला तेव्हा कुठे सलग गाडी सुरू झाली.

या घाटाची एक गोष्ट मला डब्यातल्याच एका काकूंनी सांगितली, त्या इतिहासाच्या शिक्षिका होत्या. घाटाचं काँट्रॅक्ट सॉलोमन ट्रेडवेल नावाच्या इंग्रजाकडे होतं, तो इथे आला आणि थोड्याच दिवसांत आजारी पडून गेला. मग त्याची बायको ॲलिस, तिनं ते काम सोडून परत न जाता काँट्रॅक्ट स्वतःकडे घेतलं आणि माणसं नेमून पुरं करून घेतलं. १८६१ च्या सुमाराला त्या घाटात ४२ हजारांवर मजूर राबत होते म्हणतात, आणि पटकी-तापानं किती मेले त्याला गणतीच नाही. दर ३७ फुटांना १ फूट असा तिथला चढ आहे, म्हणूनच आजही मुंबईहून येताना कर्जतला गाडीला मागून जादा इंजिन लावतात, बँकर म्हणतात त्याला, आणि तेवढ्या वेळात खिडकीतून आपण दिवाडकरांचा वडा घेतो. हे ऐकल्यापासून घाट आला की मी फोन खाली ठेवते, डब्यात अंधार होतो, बोगदा जातो, पुन्हा उजेड, आणि प्रत्येक वेळी त्या माणसांची आठवण येतेच.

डेक्कन क्वीन स्वतः १ जून १९३० ची. त्याच्या जरा आधी कल्याण-पुणे लाईनवर वीज आली होती, त्यामुळे ती सुरुवातीपासून विजेच्या इंजिनावर धावली, आणि लांब पल्ल्याच्या गाडीला तेव्हा हे फार मोठं होतं. आता १९२ किलोमीटर ती साधारण ३ तास १० मिनिटांत काटते आणि डायनिंग कार अजून टिकून आहे, २०२२ ला डबे नवे आले तरी ती ठेवली हे फार चांगलं केलं. २०२५ च्या १ जूनला रविवार होता, माझा जायचा दिवस नव्हता, तरी मुद्दाम मुलीला घेऊन सकाळी स्टेशनला गेले. इंजिनाला झेंडूच्या माळा, प्लॅटफॉर्मवर रांगोळी, बँड, आणि पंचाण्णव वर्षं झाली म्हणून केक. तीस-तीस वर्षं पासावर गेलेले रिटायर लोक नातवंडांना घेऊन आले होते, एक आजोबा डब्याच्या दाराच्या दांडीवरून हात फिरवत नुसते उभे होते, बोलत काहीच नव्हते. मुलगी म्हणाली, आई, गाडीचा पण वाढदिवस असतो? मी म्हटलं, असतो, पुण्यात असतो.

पासाच्या डब्याबद्दल दोन शब्द. तिथे जागा ठरलेल्या असतात, कागदावर नाही, सवयीनं. पहिल्या आठवड्यात मी एका खिडकीत बसले तर समोरच्या ताई अगदी गोड आवाजात म्हणाल्या की तिथे आमच्या अमक्या बसतात, येतीलच इतक्यात, तुम्ही इकडे या माझ्याशेजारी. थोडं लागलं मनाला, पण पुढच्याच आठवड्यात दसऱ्याला त्यांनीच आपट्याची पानं दिली आणि गाडीच्या पूजेला पुढे बोलावलं. संक्रांतीचं हळदीकुंकू लोणावळ्याच्या अलीकडे झालं, वाण म्हणून मला स्टीलची छोटी डबी मिळाली, त्यातच आता रोज बडीशेप असते. जानेवारीत मुलीला ताप होता आणि माझा चेहरा बघून तिघींनी विचारलं, एकीनं तर घरी जाऊन तिला बघून येते म्हणून पत्ता मागितला. नोकरीसाठी पुणे-मुंबई करावं लागणाऱ्या बायकांना माझं हेच सांगणं आहे की पहिले पंधरा दिवस काढा, मग हा डबा तुम्हाला सांभाळतो.

आता सोयी. जनरल किंवा लोकलचं तिकीट असेल तर खिडकीच्या रांगेत उभंच राहू नका, फोनवर रेल्वेचं तिकिटाचं ॲप टाकून घ्या, नाहीतर मशीनवर काढा. लोणावळा लोकल ही आपल्याकडची सगळ्यात दुर्लक्षित सोय आहे असं माझं स्पष्ट मत आहे, १९७८ पासून चालू आहे, चिंचवड, आकुर्डी, तळेगाव, कामशेत करत लोणावळ्यापर्यंत १५ रुपयांत नेते, फेऱ्या वाढल्या तर हिंजवडी-तळेगावच्या निम्म्या गाड्या रस्त्यावरून हटतील. सामान ठेवायचं असेल तर क्लोक रूम आहे पण बॅगेला कुलूप पाहिजे आणि जवळ प्रवासाचं तिकीट पाहिजे, कुलूप नसेल तर घेत नाहीत, हे माहीत नसल्यामुळे आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना आधी कुलूप शोधत फिरावं लागलं. रिटायरिंग रूम ऑनलाईन बुक होते, पहाटेच्या गाडीसाठी लांबून आलेल्यांना बरी. बाजूलाच एसटी स्टँड, तिथून दादरची शिवनेरी मिळते, म्हणजे गाडी चुकलीच तर दिवस अगदीच वाया जात नाही.

खाण्यापिण्याचं म्हणाल तर एका स्टॉलवाल्यानं मला १५ रुपयांच्या पाण्याच्या बाटलीचे २० मागितले. पहिल्यांदा दिले, गडबडीत होते. दुसऱ्यांदा म्हटलं बिल द्या, तर लगेच १५ घेतले. तेव्हापासून मी बिल मागतेच, आणि कोणी ऐकत नसेल तर १३९ नंबर आहे, त्यावर तक्रार घेतात. बाहेर रिक्षाचा त्रास आहे तो सगळ्यांना माहीत आहे, रात्री साडेआठला एकानं कोथरूडचे ४५० सांगितले, बरोबर म्हातारं माणूस बघून आकडा वाढतो हे बघितलं की फार वाईट वाटतं. मेट्रो रात्री उशिरापर्यंत असते, तिचाच आधार. कोथरूड, कर्वेनगरवाल्यांनी परतताना शिवाजीनगरला उतरायचा पण विचार करावा, डेक्कन क्वीन संध्याकाळी येताना तिथे थांबते, गर्दी कमी आणि मेट्रो तिथेही आहे, फक्त सिव्हिल कोर्टाला बदलावी लागते.

एक चूक मात्र माझीच झाली ती सांगते, म्हणजे तुमची होणार नाही. मावसभाऊ बाहेरगावाहून येणार होता, पुण्याला येतोय एवढंच ऐकलं आणि मी पुणे स्टेशनला जाऊन अर्धा तास उभी. गाडी होती हडपसरची. पुण्यावरचा भार कमी करायला काही गाड्या आता हडपसरहूनच सुटतात आणि तिथेच संपतात, तेव्हा तिकिटावर स्टेशनचं नाव नीट वाचा, पुणे आणि हडपसर यात सकाळच्या ट्रॅफिकमध्ये तासाचा फरक पडू शकतो.

आता सासूबाईंचं. त्या मिरजेला असतात, वय पंचाहत्तर, गुडघे पार गेलेत, वर्षातून तीन-चारदा कोयना एक्सप्रेसनं आमच्याकडे येतात. मार्चमध्ये आल्या त्या दिवशी मी साडेतीनला प्लॅटफॉर्मवर होते आणि गाडी घोरपडीला थांबलेली. फोन आला, अगं, गाडी हलतच नाही, मी उतरून रिक्षा करू का? म्हटलं आई, अजिबात उतरू नका, रुळावर खडी आहे, पायरी उंच आहे, बसून राहा. पंचवीस मिनिटं गेली. तेवढ्या वेळात मी डेप्युटी स्टेशन मास्तरांच्या ऑफिसात जाऊन व्हीलचेअर मागितली, ओळखपत्र दाखवून मिळाली. पण ती ढकलणार कोण, मला तर जमेना, तेव्हा एक हमालदादा आले, साठीचे असतील, दंडावर पितळी बिल्ला. म्हणाले, ताई, डबा कितवा? सांगितल्यावर तिथे मोजून पावलं टाकल्यासारखे चालत गेले आणि एका खांबापाशी खुर्ची उभी केली. गाडी आली, थांबली, आणि दार बरोब्बर खुर्चीसमोर. हातभराचाही फरक नाही. आजी, आधी उजवा पाय खाली, दांडी सोडू नका, मी आहे, असं म्हणत त्यांनी सासूबाईंना खाली घेतलं आणि मग जिन्याकडे बघतसुद्धा नाहीत, थेट लिफ्ट. जेवढे ठरले तेवढेच घेतले, वर दिले ते आजींना चहा पाजा म्हणून परत केले.

लिफ्टची वाट बघताना सासूबाई म्हणाल्या ते मी कधी विसरणार नाही. त्यांच्या लहानपणी मिरज-पुणे मीटरगेज होतं, रूळ अरुंद, डबे छोटे, आणि पुणे-मुंबई मात्र ब्रॉडगेज. त्यामुळे सांगली, मिरज, कोल्हापूरकडचं जे कोणी मुंबईला जायचं त्या सगळ्यांना पुण्याला उतरावंच लागायचं, एक गाडी सोडून दुसरी धरायची. त्यांचे वडील माटुंग्याला नोकरीला होते, आई चार पोरं, दोन ट्रंका, वळकटी आणि पाण्याचा फिरकीचा तांब्या घेऊन याच स्टेशनात उतरायची, आणि एकच हमाल ते सगळं डोक्यावर, खांद्यावर घेऊन पुढे, पोरं एकमेकांची बोटं धरून त्याच्या लाल डगल्याच्या मागे. डगला दिसेनासा झाला की आम्ही रडायचो, असं म्हणाल्या. १९७१ च्या सुमाराला ती लाईन ब्रॉडगेज झाली आणि सलग गाड्या आल्या, त्यांचं लग्न त्यानंतरचं. सगळ्या दक्षिण महाराष्ट्राला मुंबईच्या वाटेवर या स्टेशनात पाऊल टाकावं लागत होतं, आणि मला इतके दिवस वाटत होतं की हे फक्त पुणेकरांचं स्टेशन आहे.

म्हणूनच माझी खरी तक्रार एकच आहे आणि ती म्हाताऱ्या माणसांसाठी आहे. पुलावर सरकते जिने आहेत, लिफ्ट आहेत, चांगलं आहे, पण ऐनवेळी प्लॅटफॉर्म बदलल्याची अनाउन्समेंट झाली की पन्नाशीच्या पुढच्या माणसानं बॅग घेऊन पूल चढून पलीकडे जायचं म्हणजे जीव घाबरा होतो, कुठल्याही मोठ्या स्टेशनात होतो, आणि इथे प्लॅटफॉर्म कमी असल्यामुळे बदलायची वेळ जास्त येणार. म्हातारं माणूस बरोबर असेल तर गाडी लागेपर्यंत खाली उतरूच नका, वर पुलावर लिफ्टपाशी थांबा. आम्ही आता तसंच करतो.

पावसाळ्याचंही सांगायला हवं. २०१९ ला घाटात दरडी आल्या, मंकी हिलपाशी रूळच खचला आणि मुंबईच्या गाड्या कितीतरी दिवस बंद किंवा पुण्यापर्यंतच, हे डब्यातल्या सगळ्यांच्या अजून लक्षात आहे. मी जूनपासून रात्री झोपायच्या आधी आणि पहाटे उठल्यावर असं दोनदा गाडीचं स्टेटस बघते, आणि बॅगेत एक जादा ड्रेस, पॉवरबँक आणि भडंगाचा पुडा कायमचा ठेवलाय.

सासूबाई पुढच्या गुरुवारी येतायत, पुन्हा कोयनेनंच. गुरुवार म्हणजे माझा फोर्टचा दिवस, रजा टाकलीय. त्या हमालदादांना मंगळवारी सकाळी प्लॅटफॉर्मवर गाठून सांगितलं, तर म्हणाले, मिरजेच्या आजी ना, आलं लक्षात, डबा तेवढा आदल्या दिवशी सांगा.